निवतीच्या पाण्याखाली मी गेले

आमच्या घरात भांडण गुपचूप करायची सोयच नव्हती. आमचे हे कंपनीत हॅमर शॉपला होते. दिवसभर लोखंडावर घण पडायचा आणि त्या दणक्यानं ह्यांचे कान चार-पाच वर्षांतच बसले. डावा तर फुटलाच. कासारवाडीला रुळांच्या अलीकडे आमची एक खोली होती. मी ह्यांना "दूध उतू गेलं" म्हणून सांगितलं की शेजारच्या तीन घरांतल्या बायका आपापला स्टोव्ह बघायच्या, एवढा माझा आवाज चढलेला.

त्यातून मग दोन रीती आपोआप पडल्या. ह्यांना सांगायचं ते ओरडून किंवा हातानं. आणि जे ह्यांना कळायला नको, ते ह्यांच्या पाठीमागे साध्या आवाजात. भिशीचे पैसे कुठे ठेवलेत, माझ्या आईचं माझ्या सासूबद्दल काय मत आहे, हे सगळं ह्यांच्या पाठीवर बोललं जायचं. हॅमर शॉपवाल्यांच्या सगळ्याच घरांत असं चालायचं. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही. मला तर नाहीच. उलट बरं पडायचं.

हातांची बोली शॉपमधून आलेली. तिथे तोंडानं बोलण्यात अर्थच नसायचा. चहा आला, साहेब आला, तुकडा अजून तापला नाही, हे सगळं हातानं. कॉलरला दोन बोटं लावली की साहेब. एका तळव्यावरून दुसरा तळवा सपाट फिरवला की साचा रिकामा आहे, आत काही नाही. बायकोचा विषय निघाला की मनगटावर बांगडी फिरवल्यासारखं करायचे. ही सगळी बोली ह्यांनी मला लग्न झाल्यावर पहिल्या वर्षातच शिकवली. मला ती फार आवडायची. पंगतीत बसल्या बसल्या आम्ही समोरच्या पाहुण्यांची टिंगल करायचो आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

ह्यांचा एक जोडीदार होता. हॅमरवर माणसं जोडीनं काम करतात. हे सांडशीत लालभडक तुकडा धरून साच्यावर ठेवायचे आणि जोडीदार पायानं पायडल दाबून घण सोडायचा. ह्यांचा हात आत आहे की बाहेर, हे त्याच्या डोळ्यांवर. मागून कोण येतंय, कोण काय ओरडतंय, हे ह्यांना दिसायचं-ऐकू यायचं नाही, ते सगळं जोडीदारानं हातानं ह्यांना कळवायचं. जोडीदारानं जोडीदारापासून काही लपवायचं नाही, हा तिथला नियम. एखादी गोष्ट सांगायची राहिली आणि बोटं गेली, असं त्या शॉपमध्ये झालेलं होतं. त्यामुळे तो सांगायचा. सांगू का नको, असा विचारच त्याच्या डोक्यात यायचा नाही.

हा जोडीदार निवतीचा. मालवणच्या खालच्या अंगाला, वेंगुर्ल्याच्या वाटेवर हे गाव आहे. तेव्हा आमच्याकडे कुणी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी त्याला भावजी म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत हा माणूस वर्षानुवर्षं ह्यांना एकच गोष्ट सांगत आला. आमच्याकडे पाणी असं की वरून तळ दिसतो.

आणि हे निघोज्याचे. इंद्रायणीच्या काठावर वाढलेले. पट्टीचे पोहणारे. गावातली निम्मी पोरं ह्यांनी पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात ढकललेली. मलाही तशीच ढकलली. लग्नानंतर, भर उन्हाळ्यात, नऊवारीचा काष्टा घालून. सासूनं आठ दिवस तोंड फिरवलं होतं. पण मी पोहायला शिकले. हे बुडी मारून खाली डोळे उघडायचे, आणि वर आले की दर वेळी एकच तक्रार. "काय दिसत न्हाई गं. समदं गढूळ. तळ कसा आसतो ते एकदा बघायचंय."

मग कान फुटला. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. नदी सुटली. आंघोळीलासुद्धा तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालायचे. पावसाळ्यात कान वाहायचा, उशीला वास यायचा. नदीवरून जाताना हे पाण्याकडे बघायचे नाहीत, हे मी पाहिलं होतं. बोलले कधी नाहीत.

असं असताना एका वर्षी, सत्तरनंतरची ती वर्षं, भावजी सांगत आला की त्याच्या भावाच्या घरी मुंबईचे एक साहेब येऊन राहिलेत. नौदलातले निवृत्त पाणबुडे. पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जातात, खडक बघतात, शिंपले आणतात. भावाची होडी त्यांनी महिनाभर ठरवली होती. त्यांच्याकडे दोन टाक्या होत्या आणि मन झालं तर होडीवरच्या कुणालाही ते हात धरून खाली नेत.

हे ऐकून ह्यांनी जो ध्यास घेतला, तो विचारू नका. पाण्याखाली श्वास घेता येतो म्हणे! मे महिन्यात रजा टाकली, पोरीला माझ्या आईकडे ठेवलं, आणि एसटीनं आम्ही दोघं आणि भावजी निवतीला गेलो. घाट उतरताना मला उलट्या झाल्या. हे मात्र खिडकीशी बसून लहान पोरासारखे दर वळणावर समुद्र शोधत होते.

मला वाटलं होतं, साहेब कान बघतील आणि नाही म्हणतील. म्हणजे मला काही बोलायला लागणार नाही. वाईटपणा त्यांच्याकडे जाईल. घरातल्या बऱ्याच गोष्टी मी अशाच निभावत आले होते.

सकाळी किनाऱ्यावर साहेबांनी टाकी वाळूत उभी केली, नळी, तोंडात धरायचा रबरी तुकडा, डोळ्यांवरची काच, सगळं समजावून सांगितलं. खरखरीत आवाजाचा, पण माणूस चांगला. मग ह्यांच्याकडे बघून मोठ्यानं विचारलं, "कानाची काही तक्रार?"

"न्हाई, साहेब," हे म्हणाले. "कान एकदम टकाटक."

आणि लगेच वाकून टाकीचं तोंड बघायला लागले. कारागीर माणूस; कुठलाही व्हॉल्व्ह दिसला की हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. ह्यांची पाठ आमच्याकडे झाली. डाव्या कानात बोळा नव्हता. काढून टाकला होता, साहेबांना दिसू नये म्हणून.

तो बोळा नसलेला कान मी बघितला. मी ह्यांच्या पाठीमागून, घरी बोलते तशा साध्या आवाजात, साहेबांना म्हणाले, "साहेब, ह्यांचा डावा कान फुटलाय. पू येतो. डॉक्टरांनी पाण्यात जायला बंदी केलीय."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. भावजी टाकीच्या पलीकडे, ह्यांच्या समोर उभा होता. ह्यांनी मान वर करून सवयीनं त्याच्याकडे बघितलं, मागे कोण काय बोलतंय म्हणून. आणि भावजीचे हात उठले. त्यानं कानाला बोट लावलं. मग मनगटावर बांगडी फिरवली. मग साहेबांकडे बोट केलं.

झालं. घरात इतकी वर्षं चाललेली माझी युक्ती तिथे उघडी पडली. घरी हा जोडीदार समोर नसायचा एवढंच.

हे सरळ उभे राहिले. माझ्याकडे वळले नाहीत. साहेबांनी ह्यांच्या उजव्या कानाशी येऊन समजावलं, की फुटलेल्या कानातून थंड पाणी आत गेलं की माणसाला भोवळ येते, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही, अशा माणसाला मी पाण्याखाली नेऊ शकत नाही. हे मान डोलवत होते. "बरं" म्हणाले. एवढंच.

भावजी माझ्याजवळ आला तेव्हा त्याचं तोंड रडवेलं झालेलं. "वैनी, माका माफ करा. माजे हातच उठले."

"असू दे, भावजी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

मी बोलले ते बरोबर होतं. आजही तसंच बोलेन. त्याचं मला काही नाही. माझ्या मनाला लागून राहिलंय ते त्याच्या पुढचं.

साहेब म्हणाले, टाकी भरून ठेवली आहे, आणखी कुणाला यायचंय? तेव्हा हे वळले, माझ्याकडे बघितलं आणि हातानं म्हणाले, तू जा. रागानं म्हणाले की मायेनं, ते त्या हातांवरून मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

आता अशा वेळी बाईनं काय म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तुम्ही नाही तर मीही नाही, असं म्हणायचं. नवऱ्याच्या ताटात वाढलेलं त्याच्यासमोर बसून आपण खायचं नसतं. आणि नको तरी दोन-तीनदा म्हणायचं असतं. मी एकदाच म्हणाले. तेही तोंडदेखलं.

कारण मला जायचं होतं! साहेब ती काच लावून दाखवत होते तेव्हापासून माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर मी ब्लाउज शिवले, पोरीचे फ्रॉक शिवले. मला कुणी कधी असं काही विचारलंच नव्हतं.

ह्यांची कंपनीची खाकी पँट मी सुतळीनं कमरेला आवळली, वर ह्यांचाच सदरा घातला आणि होडीत बसले. भावजीची भावजय किनाऱ्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. ह्यांनी स्वतः माझ्या पाठीवर टाकीचे पट्टे बांधले. घट्ट आहेत का म्हणून बोट घालून बघितलं. पूर्वी भोपळा बांधताना बघायचे, तसंच. त्या वेळी तरी मी नको म्हणायला हवं होतं.

पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा घाबरले. तोंडानं श्वास घ्यायचा हे डोक्याला पटत नव्हतं. साहेबांनी हात धरला. कान दुखले, त्यांनी शिकवलं होतं तसं नाक दाबून जोर लावला, कान सुटले. आणि मग खाली बघितलं.

पाणी हिरवट निळं होतं. खडक दिसला, आणि त्यावर सगळीकडे काहीतरी उगवलेलं. झाडं म्हणावीत तर दगडाची, दगड म्हणावेत तर हलणारे. पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्यानं आले, मला बघून थांबले, आणि सगळे एकदम एकाच बाजूला वळले. काळे काटेरी गोळे खडकाच्या फटीत बसले होते, काटे हळूहळू हलवत. एक निळा मासा होता, त्या निळ्या रंगाचं कापड मी पुण्यात कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही. तो खडक कुरतडत होता. मी वाळूला हात लावला. समुद्राचा तळ. थंडगार, आणि मऊ.

आवाजही होता. मला वाटलेलं, खाली शांत असेल. पण फोडणीत मोहरी तडतडावी तसं बारीक काहीतरी चारी बाजूंनी अखंड तडतडत होतं, आणि त्यात माझ्या श्वासाचा आवाज. मला हसायला आलं. तोंडात नळी असल्यानं हसता येईना, तर काचेत पाणी शिरलं. किती वेळ होते कोण जाणे. तेवढा वेळ मला ह्यांची आठवण आली नाही. घर नाही, पोर नाही, कान नाही. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

वर आले. होडीच्या काठावर हे पोटावर पालथे पडून, पाण्याला नाक लावून बघत होते. किती वेळ तसेच असतील. मी काच वर केली आणि ह्यांनी लगेच हातानं विचारलं, काय होतं?

तेव्हा मला सगळं एकदम आठवलं. माझा हात वर उठला आणि मी एका तळव्यावरून दुसरा तळवा सपाट फिरवला. रिकामं आहे. काही नाही.

मला वाटलं, असं म्हटलं की ह्यांना बरं वाटेल. काही नव्हतंच, तर काही हुकलंही नाही. पण माझ्या तोंडावर जे होतं ते झाकायला माझ्याकडे दुसरे हात नव्हते. ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मला आत ओढून घेतलं, टाकी उतरवली आणि पाठ कोरडी केली. पुन्हा विचारलं नाही.

तिथून कासारवाडीला आलो. कानाचा बोळा, शिफ्ट, रेल्वेचा धडधडाट, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. पण निवतीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. मला रोज वाटायचं, आज सांगू. फोडणीत मोहरी तडतडली की मी पुन्हा त्या पाण्याखाली असायचे. पण खोटं बोलल्यावर आठ दिवसांत खरं सांगता येतं; वर्ष उलटल्यावर कसं सांगणार? आणि सांगायचं म्हणजे तुमचा घास मी खाल्ला आणि तो फार गोड होता, असंच की. ह्यांच्या पाठीमागे साध्या आवाजात बोलायची माझी सवय मात्र गेली. बोलायला तोंड उघडलं की किनाऱ्यावरचे भावजीचे ते हात दिसायचे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पोरगी मॅट्रिकच्या आसपास आली तेव्हा, खंडेनवमीला मी शॉपमध्ये गेले. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि बायका-पोरांना आत सोडतात. एरवी मी जाणं टाळायचे. त्या वर्षी पोरीनं हट्ट धरला. हॅमरला झेंडूचं तोरण, साच्यावर हळद-कुंकू, भट्टी थंड. सगळं शांत होतं, तरी माणसं सवयीनं हातानंच बोलत होती. मला गंमत वाटली.

पेढे वाटून झाले आणि शॉपमधली पाच-सहा माणसं माझ्याभोवती जमली. एक तरुण कामगार पुढं झाला. "वहिनी, तुम्ही तेव्हा होतात ना निवतीला? उस्ताद समुद्राच्या तळाला गेले तेव्हा?"

उस्ताद म्हणजे आमचे हे. पण हे तळाला कधी गेले, मला काही कळेना.

"आम्हाला सांगतात ना जेवताना. मोत्यांचे शिंपले नुसते पडलेले. आणि म्हशीएवढा मासा. आणि खाली एकदम शांत, कसलाच आवाज नाही. खरंच का हो? का उस्ताद फेकतात?"

सगळे हसले. मी वर बघितलं. हे साच्याजवळ उभे होते, हातात पेढ्याची ताटली. कानाला ऐकू गेलं नसेल, पण विषय काय आहे तो तोंडांवरून कळलेला होता. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं हा माणूस इथे बसून, न पाहिलेला तळ मनानं रचून सांगत होता. त्याला मोती घालावे लागले, कारण मासे कसे होते ते मी सांगितलं नव्हतं. माझ्या हातांच्या एका खोट्यानं त्याला केवढं खोटं बोलायला लावलं!

ह्यांच्या शेजारी भावजी उभा होता. सगळं खरं माहीत असलेला एकटा माणूस. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि मग सावकाश दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तिथेच एकमेकांत धरून ठेवले.

मी पोरीच्या हातात पिशवी दिली. "हे गेले होते की," मी म्हणाले. "मी होडीत होते. पण ह्यांना नीट सांगता येत नाही. मोती-बिती तुमची मजा करायला सांगतात. मला वर आल्या आल्या सांगितलं ते ऐका."

आणि मी हातांनी बोलायला लागले. तोंडानं त्यांच्यासाठी, हातांनी ह्यांच्यासाठी. दगडाची झाडं. पट्ट्यांचे मासे, सगळे एकदम कसे वळतात ते दोन्ही पंजे फिरवून. काटेरी गोळे, दहा बोटं ताणून हळूहळू हलवत. निळा मासा. कानाशी बोटांच्या चिमट्या उघडत-मिटत मोहरीची तडतड. वाळू. माणसं बघत होती. पण हे जसे बघत होते तसं मला कुणी बघितलेलं नाही. डोळे मिटत नव्हते. हातातली ताटली कलली आणि एक पेढा साच्यावर पडला, ते ह्यांना कळलं नाही.

"आयला, उस्ताद," तो तरुण म्हणाला, "हे एवढं आम्हाला नाही सांगितलं कधी!"

घरी परत येताना पोरगी पुढे चालत होती. रुळांशी आलो, गाडी जायची होती म्हणून थांबलो. हे माझ्या डाव्या बाजूला आले, म्हणजे चांगला कान माझ्याकडे करून.

"त्या गोळ्यास्नी हात लावला व्हतास?"

"नाही," मी ओरडले. "साहेबांनी लावू दिला नाही."

"आन् वाळू मऊ?"

"मऊ."

गाडी गेली. फाटक उघडलं तरी हे हलले नाहीत.

"लई बरं वाटलं आसंल न्हाई तुला, खाली?"

एवढंच विचारायचं होतं त्यांना. इतकी वर्षं. मासे नकोत, मोती नकोत. मी ओरडले नाही. ह्यांच्या समोर आले आणि हातानं म्हणाले, हो. फार. तुमची आठवणसुद्धा आली नाही.

ते शेवटचं का सांगितलं, कोण जाणे. पण सांगितलं. ह्यांनी ते वाचलं, मान हलवली.

"मंग तवाच सांगायचं न्हाई व्हय," हे म्हणाले. "म्या हितं उगं मोती येचत बसलो."

आणि पोरीला हाक मारत फाटक ओलांडून गेले. मी तिथेच उभी राहिले.